तापतं छान, पण पोचतं किती?

लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण गाठीत पोचवायचे, चुंबकीय क्षेत्राने तापवायचे आणि त्या उष्णतेने कर्करोगाशी लढायचं, या सगळ्या उद्योगात कण तापवणं हा सर्वांत सोपा भाग आहे. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, कारण फॉरवर्डमध्ये, बातम्यांत आणि आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या पोस्टरांवर भलतंच चित्र असतं. काळं द्रव, तांब्याची कॉइल, चढत जाणारा तापमानाचा आलेख आणि खाली ‘कॅन्सरवर नवी आशा’ असं एक वाक्य. मी हे कण बनवते, मोजते, कॉइलमध्ये ठेवते आणि ते तापतात. तापणारच. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो मला एका सेमिनारनंतर जिन्यात उभ्या उभ्या एका रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट बाईंनी विचारला होता: “बाकी सगळं राहू द्या. एक घन सेंटीमीटर गाठीत तुमचे किती मिलिग्रॅम पोचतात?”

माझ्याकडे आकडा होता, पण तो उंदरातला होता आणि मायक्रोग्रॅममध्ये होता. बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून या विषयावरचा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी तो आकडा शोधते. बऱ्याचदा तो नसतोच.

कण कसे बनतात ते आधी सांगते, कारण ते बघायला मला अजूनही मजा येते. फेरिक क्लोराइडचं द्रावण पिवळट तांबूस असतं, फेरसचं फिकट हिरवं. पहिल्याचे दोन भाग, दुसऱ्याचा एक. पाण्यातून आधी नायट्रोजन सोडून विरघळलेली हवा हाकलायची, मग जोरात ढवळत अमोनिया घालायचा. काही सेकंदांत सगळं काळं कुळकुळीत. ढवळायला चुंबकी बार वापरायचा नाही, वरून उतरणारी टेफ्लॉनची पाती लावायची. नाहीतर अर्धा माल बारलाच चिकटून बसतो, आणि नवीन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगावं लागतं. झालं की बीकरखाली चुंबक धरायचा. काळं सगळं तळाशी ओढलं जातं, वर नितळ पाणी राहतं. ते ओतून द्यायचं, परत पाणी, परत चुंबक. १९८१ साली रेने मासार यांनी ही पद्धत मांडली, आणि इतक्या वर्षांत तिच्यापेक्षा साधं काही निघालेलं नाही. तेलकट द्रावकात तीनशे अंशांच्या आसपास शिजवून जास्त एकसारखे कण मिळतात हे खरं, पण मग ते पाण्यात उतरवताना नाकी नऊ येतात.

हाती येतं ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं चुंबकीय ऑक्साइड. हवा लागत राहिली की त्याचं हळूहळू मॅगहेमाइट होतं आणि काळ्यावर तपकिरी झाक येते. कण दहा-बारा नॅनोमीटरचे. एवढ्या लहान आकारात प्रत्येक कण म्हणजे एकच चुंबकीय क्षेत्रिका असते, आणि खोलीच्या तापमानाची ऊर्जासुद्धा तिची दिशा सारखी उलटीपालटी करायला पुरते. त्यामुळे बाहेरचा चुंबक काढून घेतला की कणांमध्ये चुंबकत्व उरत नाही. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. रक्तात सोडायच्या वस्तूसाठी हा गुण फार मोलाचा, कारण एकमेकांना चिकटून गुठळ्या करणारे कण कुणालाच नको असतात.

आता तापण्याचं. कॉइलमधून उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला की आतलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलतं. कणाचं चुंबकत्व त्याच्यामागे धावतं, पण जरा उशिरा पोचतं. या उशिराची किंमत उष्णतेत मोजली जाते. कणाला दिशा बदलायचे दोन मार्ग आहेत. गच्च भरलेल्या बसमध्ये मागून कुणी हाक मारली तर एकतर सगळं अंग वळवावं लागतं, नाहीतर नुसती मान. अंग वळवणं म्हणजे ब्राउन पद्धत: अख्खा कण द्रवात फिरतो. मान वळवणं म्हणजे नील पद्धत: कण जागेवरच राहतो, आतलं चुंबकत्व फक्त फिरतं. हा लुई नील म्हणजे १९७० चा भौतिकशास्त्राचा नोबेलवाला. दोन्हींमधून किती उष्णता निघेल याचं सूत्र रोझेन्सवाइग यांनी २००२ मध्ये नीट मांडलं आणि त्यानंतर आमच्यासारख्यांची मोठीच सोय झाली.

प्रयोगाच्या वेळी अंगठ्या, घड्याळ, स्टीलची चिमटी सगळं लांब. नेहमीचा थर्मोकपलही चालत नाही, कारण तो धातूचा. क्षेत्रात तो स्वतःच तापतो आणि स्वतःचंच तापमान सांगतो. म्हणून फायबर ऑप्टिकचा प्रोब. कॉइल म्हणजे तांब्याची पोकळ नळी, तिच्यातून सतत गार पाणी फिरत असतं. लाखभर हर्ट्झचा आवाज कानाला येत नाही, तेव्हा खोलीत ऐकू येते ती फक्त चिलरची घरघर. नळीत एक मिलिलीटर काळं द्रव, स्विच दाबला, आणि स्क्रीनवरची रेघ चढू लागते. पहिल्या काही सेकंदांतल्या चढावरून दर ग्रॅमला किती वॅट हे काढायचं. त्याआधी नुसतं पाणी ठेवून एक रन घ्यायचा, म्हणजे कॉइलची स्वतःची ऊब किती ते वजा करता येतं. हा रन न घेता छापलेले वॅटचे आकडे मी वाचते, पण मनावर घेत नाही.

आणि आता तो प्रयोग, जो प्रत्येकाने एकदा तरी करावा असं माझं मत आहे. तेच कण, तीच मात्रा, पण पाण्याऐवजी अगारोजच्या जेलमध्ये घट्ट बसवलेले. कॉइल तीच, क्षेत्र तेच. पाण्यात झपाझप चढणारी रेघ इथे लोळते. कण जेलमध्ये अडकले, अंग वळवता येईना, उरली फक्त मान. आणि ज्या कणांची मदार ब्राउन पद्धतीवर जास्त होती त्यांचा वॅटचा आकडा धाडकन खाली येतो. पेशीच्या आत याहून वाईट अवस्था असते. पेशी कणांना गिळते तेव्हा ते लायसोसोमच्या, म्हणजे पेशीच्या पचनाच्या, पिशव्यांमध्ये गच्च कोंबले जातात. तिथे फिरायला जागा नसतेच, शिवाय इतके जवळ आल्यामुळे ते एकमेकांच्या चुंबकत्वातही ढवळाढवळ करतात. पाण्यात मोजलेला आकडा पोस्टरवर टाकून त्यावर गाठीतली उष्णता काढणं म्हणूनच मला पटत नाही.

माणसाच्या बाबतीत क्षेत्रालाही मर्यादा आहे. शरीरात पाणी आणि क्षार आहेत, म्हणजे ते विजेचं वाहक. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात शरीरात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह, फिरतात आणि कण असोत नसोत, चांगली ऊतीही तापते. १९८४ मध्ये ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी व ब्रेझोविच यांनी मिळून हे तपासलं. छातीभोवतीच्या कॉइलमध्ये माणूस तासभर सहन करेल असं क्षेत्र किती, तर वारंवारता गुणिले क्षेत्राची ताकद हा गुणाकार सुमारे ४८.५ कोटींच्या आत हवा, एकक अँपिअर प्रति मीटर प्रति सेकंद. आमच्या टेबलावरच्या यंत्रात ३०० किलोहर्ट्झ आणि २० किलोअँपिअर प्रति मीटर सहज लावता येतं. गुणाकार करा: ६०० कोटी. मर्यादेच्या बारापट. पेपरांतले डोळे दिपवणारे वॅट बहुतेक वेळा अशा क्षेत्रातले असतात, ज्यात माणसाला झोपवता येणार नाही. ही मर्यादा दगडावरची रेघ नाही. एडी करंटचा त्रास शरीराच्या घेरावर अवलंबून असतो. पोटापेक्षा डोक्याचा घेर लहान, म्हणून डोक्याला जास्त क्षेत्र चालतं. पण बारापट नाही.

डोक्याचाच विषय निघाला तर बर्लिनकडे वळावं लागतं. माणसांवर हे खरोखर करून दाखवलं ते तिथल्या शारिटे रुग्णालयातून निघालेल्या आंद्रेआस जॉर्डन यांच्या कामातून. कण बारा नॅनोमीटरचे, वर अमिनोसिलेनचं आवरण, दर मिलिलीटरला ११२ मिलिग्रॅम लोह. हा आकडा पुन्हा वाचा. आमच्या नळीत साधारण पाच मिलिग्रॅम असतं आणि तेही आम्हाला दाट वाटतं. मायर-हाउफ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ६६ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले ५९ ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूची घातक गाठ, परत उद्भवलेले. द्रव थेट गाठीत सुईने, स्कॅनवर नेम धरून टाकलं. मग १०० किलोहर्ट्झच्या यंत्रात तासाभराची सहा सत्रं, आठवड्यातून दोनदा, जोडीला रेडिएशन. आजार परत आल्याचं निदान झाल्यापासून या ५९ जणांचं मध्यक आयुष्य १३.४ महिने. पूर्वीच्या उपचारांच्या नोंदींपेक्षा हे बरं दिसत होतं, पण अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा यावरून जास्त पतंग उडवू नयेत. युरोपात उपचाराला परवानगी मिळाली. ते बाजारात आणणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्या उपचाराच्या व्यावहारिक बाजू पोस्टरवर कधी येत नाहीत. दातांत धातूचं फिलिंग असेल तर ते आधी काढावं लागे, कारण तेही त्याच क्षेत्रात तापणार. आणि एकदा मेंदूत एवढं लोह गेलं की त्या भागाचा एमआरआय वाचता येत नाही, सगळं काळं दिसतं. मेंदूची गाठ वाढतेय की नाही हे बघायचं मुख्य साधनच हातचं जातं. एखाद्या न्यूरोसर्जनला ही अट सांगून बघा, पुढचं बोलणं किती वेळ टिकतं ते कळेल.

पण मला त्यातला वेगळाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तिथे कणांना काहीही शोधायला लावलं नव्हतं. कर्करोगाच्या पेशी ओळखून चिकटणारी अँटिबॉडी नाही, फोलेट नाही. जागा सुईने दाखवली आणि कण तिथेच राहिले. निधन झालेल्या काही रुग्णांच्या मेंदूची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही कण टोचलेल्या जागीच सापडले, बरेचसे मॅक्रोफेजनी, म्हणजे परकं काही दिसलं की गिळणाऱ्या पेशींनी, गिळलेले. १९५७ मध्ये गिलख्रिस्ट या सर्जनने ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हाही असंच होतं. आतड्याच्या कर्करोगाचे लसीका ग्रंथींत उरलेले अंश सर्जनच्या हाताला लागत नाहीत, ही त्यांची अडचण. कण लसीकावाहिन्यांमार्फत त्या ग्रंथींतच जाऊन साठतात आणि १.२ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रात ग्रंथी तापते, हे त्यांनी दाखवलं. शरीराची जी वाट आधीपासून तिकडे जाते ती वापरली, बस्स. मला हा पेपर आवडतो. आजच्या मानाने छोटासा आहे, पण डॉक्टरची अडचण त्यात आधी येते आणि कण नंतर.

नेम धरणारे कण हे स्वप्न त्यानंतरचं. कर्करोगाच्या काही पेशींवर एखादा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, भरमसाट असतो, जसं काही स्तनाच्या कर्करोगांत हर-टू. त्याला चिकटणारी अँटिबॉडी कणावर बसवायची, शिरेतून सोडायची, कण आपोआप गाठीत जातील. पेट्रीडिशमध्ये हे सुरेख चालतं. लोह निळं करणारा प्रशियन ब्लूचा रंग टाकला की रिसेप्टरवाल्या पेशी ठिपक्याठिपक्यांनी निळ्या होतात आणि बिनरिसेप्टरच्या शेजारी कोऱ्या राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं तेव्हा कुणालाही वाटेल, झालंच काम.

मग त्याच कणांवर थोडा रक्तद्रव टाका. काही क्षणांत रक्तातली प्रथिनं कणावर बसतात आणि तुमची अँटिबॉडी त्यांच्याखाली गाडली जाते. २०१३ मध्ये ट्रान्सफेरिन हे प्रथिन लावलेल्या नॅनोकणांवर नेमकं हेच दाखवलं गेलं: प्रथिनांचा थर चढल्यावर त्यांची रिसेप्टर ओळखण्याची क्षमता गेली. पीईजी या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या लावून हा थर पातळ करता येतो, थांबवता येत नाही. आणि कणाला गाठ ओळखता आली तरी आधी तिथवर जायला हवं. मध्ये यकृत आहे. तिथल्या कुप्फर पेशींचं कामच मुळी रक्तात फिरणारा परका कण उचलणं. उरलेले प्लीहा उचलते. टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले पेपर एकत्र करून हिशेब मांडला. तऱ्हेतऱ्हेचे नॅनोकण, बहुतेक उंदरांमधले. शिरेतून दिलेल्यापैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक ०.७ टक्के. हा आकडा आल्यावर आमच्या क्षेत्रात बरीच आदळआपट झाली. मोजायची पद्धत चुकली, गाठींचे प्रकार एकत्र केले, वगैरे. दुप्पट करा, चौपट करा, पुढच्या हिशेबाला फारसा फरक पडत नाही.

तो हिशेब करूनच बघू. पँकहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या आढाव्यात दिलेला अंदाज असा, की रक्तप्रवाह सतत उष्णता वाहून नेत असताना गाठ तापवायची तर दर घन सेंटीमीटरला साधारण ०.१ वॅट लागेल, आणि त्यासाठी ५ ते १० मिलिग्रॅम चुंबकीय पदार्थ हवा. आता शिरेतून किती लोह देता येतं? ॲनिमियासाठी फेरुमॉक्सिटॉल नावाचे लोह-ऑक्साइडचेच कण देतात, त्याची एक मात्रा ५१० मिलिग्रॅम लोहाची. तिचे ०.७ टक्के म्हणजे साडेतीन मिलिग्रॅम. गाठ दहा घन सेंटीमीटरची धरली तर दर घन सेंटीमीटरला ०.३५ मिलिग्रॅम. तेवढ्यातून ०.१ वॅट काढायचा तर कणाने दर ग्रॅमला २८०-२९० वॅट द्यायला हवेत, तेही माणसाला सोसणाऱ्या क्षेत्रात आणि पेशीत कोंबलेल्या अवस्थेत. आमच्या टेबलावर पाण्यात, बारापट क्षेत्रात हा आकडा निघतो. तिथे नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. उरलेलं नव्याण्णव टक्के कुठे गेलं? बरंचसं यकृतात. पोटातली गाठ तापवायला पोटाभोवती कॉइल लावली तर आधी काय तापेल?

मग हे सगळं सोडून द्यायचं का? मी सोडलेलं नाही, आणि त्याचं एक कारण २०११ चाच आणखी एक पेपर आहे. रिनाल्डी यांच्या गटाने ईजीएफआर या, हर-टूसारख्याच, रिसेप्टरला चिकटणारे लोहकण पेशींना खाऊ घातले, क्षेत्र लावलं, आणि बाहेरून मोजलेलं तापमान जाणवण्याइतकं वाढलं नसतानाही पेशी मेल्या. रिसेप्टरला न चिकटणाऱ्या कणांनी तसं झालं नाही. हे विचित्र होतं, कारण रबीन यांनी २००२ मध्येच गणिताने दाखवलं होतं की एकटा कण आपल्या भोवतीचं पाणी तापवूच शकत नाही. हे मीही एका कागदाच्या पाठीमागे करून बघितलं. दहा नॅनोमीटरचा कण दर ग्रॅमला शंभर वॅट देतोय असं धरलं तरी त्याच्या पृष्ठभागाचं तापमान एका अंशाच्या दहा कोटीव्या भागानेही वाढत नाही. उष्णता इतक्या झटपट निसटते. लाखो-कोट्यवधी कणांनी मिळून मोठा भाग तापवला तरच तापमान चढतं. तरीही पेशी मेल्या. नंतरच्या कामांतून जे पुढे आलं त्यात संशयाची सुई लायसोसोमकडे वळते: कण ज्या पिशवीत बसतात तिचं आवरण फाटतं, आतली पाचकरसांची प्रथिनं पेशीत सांडतात. आवरण कशाने फाटतं यावर वाद आहे. कणांच्या हालचालीने, की लोहामुळे तिथेच तयार होणाऱ्या जहाल ऑक्सिजन संयुगांनी? मी दुसऱ्या बाजूला थोडी झुकलेली आहे, पण पैज लावणार नाही.

माझ्या दृष्टीने अँटिबॉडीची खरी जागा इथे आहे. शरीरभर हिंडून गाठ शोधून काढायचं काम तिच्यावर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे. सुईने किंवा गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून कण जवळ नेऊन ठेवले, तर पुढचा शेवटचा काही मायक्रोमीटरचा प्रवास, म्हणजे पेशीच्या आत आणि नेमक्या पिशवीत, ती उत्तम करून देते. मात्र मग कणही तसे हवेत, आत अडकल्यावर नुसत्या मानेवर काम भागवणारे. त्यामुळे पाण्यात जास्तीत जास्त तापणारा कण निवडायची आमची सवय मोडायला हवी. जेलमधला आकडा बघून कण निवडा, असं मी आता विद्यार्थ्यांना सांगते. त्यांना ते आवडत नाही, कारण जेलमधले आलेख दिसायला दीनवाणे असतात.

आणि ‘कुठे’ हा प्रश्न कणांवर सोडण्यापेक्षा क्षेत्रावर सोडावा, हे माझं दुसरं म्हणणं. यामागची युक्ती मला फार देखणी वाटते. दोन ताकदवान चुंबक सारखे ध्रुव समोरासमोर करून ठेवले की मधोमध एक लहानसा बिंदू असा राहतो, जिथे दोघांचं क्षेत्र एकमेकांना खोडून टाकतं. त्या बिंदूबाहेरचे सगळे कण जोरदार स्थिर क्षेत्रात जखडलेले असतात. वरून उलटसुलट क्षेत्र लावलं तरी ते दाद देत नाहीत. दाद देतात ते फक्त त्या बिंदूतले. २००५ मध्ये ग्लाइश आणि वाइत्सेनेकर यांनी यावरून प्रतिमा घ्यायचं तंत्र मांडलं, मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग: बिंदू शरीरभर फिरवायचा आणि कुठून किती प्रतिसाद येतो त्यावरून कणांचा नकाशा काढायचा. २०१८ मध्ये बर्कलीच्या कॉनॉली यांच्या गटाने पुढची पायरी गाठली. आधी नकाशा काढला, मग बिंदू गाठीवर आणून थांबवला आणि वारंवारता वाढवली. उंदरातली गाठ तापली, कणांनी भरलेलं यकृत शाबूत राहिलं.

यात ते यकृताचं लचांड एका झटक्यात सुटतं. शिवाय गाठीत किती लोह आहे हे उपचाराआधी मोजता येतं, म्हणजे तो मिलिग्रॅमचा प्रश्न प्रत्येक रुग्णागणिक विचारता येईल. मात्रा अर्थातच आपोआप वाढत नाही. ०.३५ चं ०.३५ च राहतं. आणि उंदराएवढ्या पोकळीत जो क्षेत्राचा उतार मिळतो तो माणसाच्या धडाएवढ्या पोकळीत मिळवणं हे वीज आणि तांबं या दोन्हींचं मोठं काम आहे. उतार कमी झाला की बिंदूचा ठिपका होतो आणि ठिपक्याचा धब्बा. डोक्यासाठी जमण्यासारखं आहे, कारण पोकळी लहान. पोटासाठी अजून बरंच लोखंड वितळवावं लागेल. प्रतिमेसाठी पंचवीस नॅनोमीटरच्या आसपासचे कण चांगले, माझे निम्मे. म्हणून सध्या आकार वाढवण्याच्या मागे लागले आहे. वाढवला की कण एकमेकांना चिकटायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी गाळ बसलेला असतो.

हे लिहायचं निमित्त म्हणजे एका चुलतभावाचा निरोप. “ताई, तू ते चुंबकाने कॅन्सर जाळतेस ना, आमच्या ओळखीत एकांना हवंय. कुठे मिळेल?” असे निरोप येत राहतात आणि त्यांना ‘संशोधन चालू आहे’ एवढ्यावर बोळवण करणं मला बरं वाटत नाही. म्हणून जरा सविस्तर कळवलं. नॅनोकणांचा हा उपचार आज असा कुठे जाऊन घेण्यासारखा नाही. झालाच तर चाचणीत, आणि चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागायचा, आणि पैसे मागितले तर तिथूनच उठायचं. उष्णतेचा उपचार मात्र थोतांड नाही. गाठ ४० ते ४३ अंशांपर्यंत तापवली की पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा ढेपाळते, म्हणून रेडिएशन आणि केमोच्या जोडीला तो दिला जातो. तोही कणांशिवाय, बाहेरून रेडिओलहरींनी. मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या ३४१ रुग्णांवरच्या युरोपातल्या चाचणीत केमोसोबत अशी उष्णता दिलेल्यांपैकी दहा वर्षांनी सुमारे ५३ टक्के हयात होते, नुसत्या केमोवाल्यांपैकी ४३ टक्के. म्हणजे विचारायचंच असेल तर आपल्या ऑन्कोलॉजिस्टना हे विचारा, की या प्रकारच्या गाठीत हायपरथर्मिया जोडीला देण्यात अर्थ आहे का. चालू असलेलं रेडिएशन कशासाठीही थांबवू नका.

त्याचं उत्तर आलं: “बरं. आणि तो गळ्यात घालायचा मॅग्नेट, त्याने काही?”

स्थिर चुंबकाने हे कणसुद्धा तापत नाहीत रे, म्हटलं. आणि त्यांच्या अंगात तर कणही नाहीत.